इंग्रजी लेखन, बालवर्गापासून महाविद्यालयापर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात २००० सालापासून, प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीत येत असे. दहा वर्षे इंग्रजी शिकूनही आपल्या अनेक मुलांना पाठ केलेला निबंध लिहिता येतो, पण शेजारच्या गावातील मित्राला स्वतःच्या मनाने चार ओळींचे पत्र लिहिता येत नाही. ही उणीव मुलांच्या बुद्धीची नसून त्यांच्याकडून स्वतःचे वाक्य लिहून घेण्याची सवयच शाळेत आणि घरात न लावल्याची आहे, असे माझे ठाम मत आहे. मराठी आणि सेमी इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे पालक व शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे त्याच दृष्टीने येथे दिली आहेत.

इंग्रजी लिहायला कोणत्या वयात सुरुवात करावी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरली आहेत आणि पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षांचे वय गृहीत धरले आहे. त्यामुळे बालवाडीतील चार वर्षांच्या मुलाकडून चाररेघी वहीत पानभर कॅपिटल अक्षरे गिरवून घेण्याची घाई करण्याचे कारण नाही. या वयात बोटांना ताकद येणे महत्त्वाचे असते आणि ती मणी ओवणे, माती मळणे, कागद फाडून चिकटवणे, खडूने फरशीवर मोठमोठे आकार काढणे यांतून येते.

या वयातही लेखनाची तयारी मात्र करता येते. मुलाने काढलेल्या चित्राबद्दल त्याला मराठीत बोलू द्यावे, त्याने सांगितलेले वाक्य मोठ्यांनी चित्राखाली लिहावे आणि बोट ठेवत वाचून दाखवावे. आपण बोललेले कागदावर उतरते आणि उद्याही तसेच वाचता येते, ही जाणीव मुलाला यातून होते. त्याच चित्राखाली ‘कॅट’ किंवा ‘सन’ असा एखादा इंग्रजी शब्द आला तरी पुरे.

आधी मराठी पक्की व्हायला हवी, की दोन्ही भाषांचे लेखन एकदम चालेल?

दोन्ही एकदम चालते, मात्र मराठी लेखन पुढे असावे. घटना क्रमाने सांगणे, महत्त्वाचे निवडणे, कारण देणे, वाचणाऱ्याला काय ठाऊक नाही याचा विचार करणे, परिच्छेद कोठे तोडायचा हे ठरवणे, ही सर्व कौशल्ये एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेत पुन्हा मुळापासून शिकावी लागत नाहीत. लिपी, स्पेलिंग, वाक्यातील शब्दांचा क्रम आणि कॅपिटल अक्षरांचा वापर मात्र नव्याने शिकावा लागतो. ज्या मुलाला सहलीचे वर्णन मराठीत दहा ओळींत नीट करता येत नाही, त्याला ते इंग्रजीत करायला सांगितले, तर तो दोन अडचणींशी एकाच वेळी झगडतो आणि बहुधा दोन्हींत हरतो. म्हणून मराठी निबंधाच्या तासाकडे दुर्लक्ष करून इंग्रजीची शिकवणी लावणे हा मला तोट्याचा व्यवहार वाटतो.

एबीसीडी क्रमानेच शिकवावी का?

अक्षरांची नावे क्रमाने म्हणायला हरकत नाही, शब्दकोश पाहताना तो क्रम उपयोगी पडतो. परंतु लिहिण्यासाठी अक्षराचे नाव नव्हे, तर त्याचा ध्वनी लागतो. देवनागरीत ‘क’ चे नाव आणि उच्चार एकच असल्यामुळे आपल्या मुलांना ही अडचण चटकन लक्षात येत नाही. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४ आहेत. ‘एस’ नावाच्या अक्षराचा ध्वनी ‘स्’ आहे, ‘एच’ नावाच्या अक्षराचा ‘ह्’. म्हणून ज्यांच्यापासून भरपूर छोटे शब्द बनतात अशी एस, ए, टी, पी, आय, एन ही अक्षरे आधी घेतली, तर मूल काही आठवड्यांतच ‘पिन’, ‘टॅप’, ‘सॅट’ असे शब्द स्वतः जुळवून लिहू लागते.

लहान लिपीतील बी आणि डी यांची उलटापालट सहा-सात वर्षांच्या मुलांत सर्रास आढळते आणि सरावाने बहुतेकांची सुटते. दुसरी-तिसरीनंतरही ती तशीच राहिली आणि सोबत वाचनातही मोठी अडचण दिसली, तर तज्ज्ञांना दाखवावे. एकमेकांना जोडून लिहायच्या वळणाचे, म्हणजे कर्सिव्ह, अक्षर ऐच्छिक मानावे. सुटे, सुवाच्य आणि रेघेवर बसणारे अक्षर पुरेसे आहे.

मूल स्पेलिंग चुकवून लिहिते. ते लगेच सुधारावे का?

पहिली-दुसरीत ऐकू येईल तसे लिहिलेले स्पेलिंग हे प्रगतीचे लक्षण आहे, कारण मूल ध्वनी सुटे करून त्यांना अक्षरे देत असते. ‘व्हेरी’ हा शब्द डब्ल्यूने सुरू करणे किंवा ‘झू’ जेने लिहिणे यामागे कारण आहे : व्ही आणि डब्ल्यू या दोन अक्षरांसाठी मराठीत एक ‘व’ आहे, आणि मराठी शब्दांत झेडसारखा व जेसारखा असे दोन्ही उच्चार आपण ‘ज’ या एकाच अक्षराने दाखवतो. अशा जोड्यांचे शब्द समोरासमोर ठेवून तोंडाने वेगळे म्हणून घेतले, तर स्पेलिंग आपोआप सुधारू लागते.

तिसरीपासून नेहमी लागणारे शब्द बिनचूक यायला हवेत. एक शब्द वीस वेळा उतरवायला सांगण्यापेक्षा शब्द पाहा, झाका, आठवून लिहा आणि पडताळा ही पद्धत वापरावी. वीस वेळा उतरवताना तिसऱ्या वेळेपासून फक्त हात चालतो, तर झाकून लिहिताना प्रत्येक वेळी शब्द आठवावा लागतो.

तिसरी ते पाचवीत शब्दांवरून वाक्यांकडे आणि परिच्छेदाकडे कसे न्यावे?

सर्वांत जास्त कष्ट या टप्प्यावर घ्यायला हवेत, आणि नेमके येथेच फळ्यावरून उतरवून घेण्याचा मार्ग स्वीकारला जातो. ‘माय काऊ’ या विषयावर वर्गातील सगळ्या वह्यांत ‘द काऊ इज अ डोमेस्टिक ॲनिमल’ हेच वाक्य येते. ज्याच्या गोठ्यात सकाळी वासरू जन्मले आहे, त्याच्याही वहीत तेच असते.

समजा, चौथीतील एका मुलीने तीन वाक्ये लिहिली : ‘आय गो टू बाजार. माय आजी बाय व्हेजिटेबल. आय हॅपी.’ येथे क्रियापदे चुकली आहेत हे खरे, पण बाईंनी आधी विचारावे, ‘आजीने कोणती भाजी घेतली गं? आणि तुला आनंद कशाचा झाला?’ मुलगी मराठीत सांगते की आजीने मेथी घेतली आणि भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली. बाई तिला ‘फ्री’ आणि ‘गेव्ह’ हे दोन शब्द देतात, आणि काल घडलेली गोष्ट आहे याची आठवण करून देतात. दुसरा मसुदा असा येतो : ‘आय वेंट टू द बाजार विथ माय आजी. शी बॉट मेथी. द भाजीवाली गेव्ह अस कोथिंबीर फ्री. आय वॉज हॅपी.’ आजी, मेथी आणि कोथिंबीर तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. शेवटच्या वाक्याला आता आधीच्या वाक्यात कारण मिळाले आहे, आणि परिच्छेद याच रीतीने तयार होतो.

यासाठी प्रत्येक मुलाची एक कच्ची वही असावी, तिच्यात खाडाखोडीला मुभा असावी आणि ती गुणांसाठी तपासली जाऊ नये. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाच वाक्ये, एवढे पुरते. जोडायचे शब्दही याच वयात द्यावेत : आधी ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’, मग ‘व्हेन’ आणि ‘सो’. ‘बिकॉज’ वापरता येऊ लागल्यावर मुलाचे लेखन यादीतून बाहेर पडून विचार सांगू लागते.

मराठी भाषक मुलांच्या ठरलेल्या चुका कोणत्या, आणि त्या का होतात?

चूक कोठून आली हे शिक्षकाला कळले, तर मुलाला ओरडा बसत नाही आणि चूकही लवकर सुटते.

आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. म्हणून ‘आय मँगो ईट’ असे वाक्य सुरुवातीला सर्रास दिसते. मराठीत ए, ॲन, द यांसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ती गळतात किंवा नको तेथे येतात, आणि पदवीधरांच्याही लेखनात ही उणीव टिकून राहते. आपल्याकडे निर्जीव वस्तूंनाही लिंग असते. बॅग ‘ती’ असल्यामुळे मूल ‘शी इज ऑन द बेंच’ लिहिते. वडिलांना आपण आदराने अनेकवचन लावतो, म्हणून ‘माझे वडील शिक्षक आहेत’ चे ‘माय फादर आर टीचर’ होते, आणि त्याच वहीत आईसाठी मात्र ‘इज’ बरोबर येते. ‘मला दोन भाऊ आहेत’ चे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होते. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. तेच शब्दशः ‘ही सेड दॅट आय विल कम टुमारो’ असे उतरले की येणारा माणूसच बदलतो.

देवनागरीत कॅपिटल अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे ‘पुणे’ किंवा स्वतःचे नाव लहान अक्षराने सुरू करणे हा मुलाचा निष्काळजीपणा नव्हे. प्रत्येक मुलाने स्वतःचे नाव, गाव, शाळा, वार आणि महिना असलेली पाच वाक्ये महिनाभर रोज लिहिली, तर ही सवय लागते.

दहावीच्या मराठी माध्यमाच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत शब्द आणि वाक्ये मराठीत भाषांतरित करण्याचा प्रश्न असतो. वर्गात उलट दिशेनेही भाषांतर करून पाहावे, आणि दोन्ही भाषांत वाक्याची बांधणी कोठे वेगळी पडते ते मुलांनाच शोधू द्यावे.

व्याकरण पूर्ण शिकवून झाल्यावर लेखन सुरू करावे का?

नाही. व्याकरण लेखनाच्या गरजेतून यावे. मुले कालची गोष्ट लिहीत असतील, त्या आठवड्यात भूतकाळ शिकवावा आणि त्यांच्याच वहीतील वाक्ये फळ्यावर घ्यावीत. कर्मणी प्रयोगाची पन्नास वाक्ये बदलून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगवहीत ‘द सोल्यूशन वॉज हीटेड’ हे एक वाक्य सुचत नसेल, तर त्या पन्नास वाक्यांचा उपयोग झालेला नाही.

वही तपासताना सगळ्या चुका दाखवाव्यात, की काही सोडून द्याव्यात?

पानभर लाल शाई पाहिल्यावर मूल पुढच्या वेळी कमी लिहिते आणि जे बिनचूक येते तेवढेच लिहिते. त्यामुळे त्याच्या चुका कमी दिसतात, पण लेखनही खुंटते. म्हणून तपासताना पहिला शेरा आशयावर असावा : ‘भाजीवाली मला डोळ्यांसमोर दिसली’, किंवा ‘नंतर काय झाले ते कळले नाही’. त्यानंतर एका वेळी एकाच प्रकारच्या चुकांकडे लक्ष वेधावे. या पंधरवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या पंधरवड्यात फक्त कॅपिटल अक्षरे आणि पूर्णविराम.

मोठ्या वर्गांतून चूक दुरुस्त करून देण्याऐवजी समासात खूण करावी. स्पेलिंगसाठी एक खूण, काळासाठी दुसरी, गळलेल्या शब्दासाठी तिसरी अशा खुणा ठरवल्या, की नेमकी चूक विद्यार्थी स्वतः शोधतो, आणि स्वतः शोधलेली चूक त्याच्या लक्षात राहते. बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले असले, तरी माध्यमिकच्या एका तुकडीत साठ मुले असणे नवीन नाही. अशा वर्गात दर आठवड्याला पंधरा वह्या सखोल तपासाव्यात आणि उरलेल्या मुलांनी जोडीने एकमेकांच्या वह्या वाचाव्यात. जोडीदाराला दोनच गोष्टी सांगायच्या असतात : मला काय आवडले, आणि कोठे अडखळलो.

तपासलेले लेखन पुन्हा लिहून घेतले नाही, तर तपासणीचे श्रम बहुतांशी वाया जातात. महिन्यात चार निबंध एकदाच लिहिण्यापेक्षा दोन निबंध दोनदा लिहिणे जास्त फायद्याचे आहे, असे मी प्रत्येक शिक्षकाला आग्रहाने सांगेन.

परीक्षेत गुण मिळतात, तर गाइडमधील निबंध पाठ करण्यास काय हरकत आहे?

पालकांची ही चिंता खरी आहे. दहावीला इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तोंडी व अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते, आणि त्या गुणांवर अकरावीचा प्रवेश अवलंबून असतो. परंतु आता कृतिपत्रिकेतील लेखनाचे प्रश्न पत्र, संवाद, भाषण, वृत्तलेखन, दिलेल्या माहितीचे परिच्छेदात रूपांतर, मुद्द्यांवरून कथा अशा स्वरूपाचे असतात आणि प्रत्येकात मुद्दे नव्याने दिलेले असतात. पाठ केलेले पत्र ‘वृक्षारोपणासाठी रोपांची मागणी’ असे असेल आणि प्रश्न ‘खराब निघालेल्या रोपांबद्दल तक्रार’ असा आला, तर मूल मागणीचेच पत्र लिहून येते.

पत्राचा साचा, म्हणजे पत्ता, दिनांक, विषय, मायना आणि समारोप, जरूर पाठ असावा. मधला मजकूर मात्र दर वेळी मुलाचाच हवा. गाइडमधील पत्र वापरायचेच असेल, तर ते वाचून बाजूला ठेवावे, त्यातील तीन चांगली वाक्यरूपे टिपून घ्यावीत आणि वेगळ्या प्रसंगावर स्वतःचे पत्र लिहावे.

वाचन किती महत्त्वाचे?

वाचनाशिवाय लेखन होत नाही, आणि परिस्थिती गंभीर आहे : ‘प्रथम’ संस्थेच्या २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्याच अधिक मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. म्हणून पाठ्यपुस्तकाच्या पातळीहून एक इयत्ता खालची, सोपी, चित्रांची पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत. वाचताना आवडलेले एक वाक्य रोज वहीत उतरवावे आणि त्याच घडणीचे स्वतःचे एक वाक्य खाली लिहावे.

सेमी इंग्रजी घेतल्यास लेखन आपोआप सुधारते का?

गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकल्याने पारिभाषिक शब्द ओळखीचे होतात, आणि अकरावीच्या विज्ञान शाखेत त्याचा निश्चित उपयोग होतो. लेखन मात्र आपोआप सुधारत नाही, कारण विज्ञानाची उत्तरेही बहुधा पुस्तकातील व्याख्या जशीच्या तशी उतरवून दिली जातात. विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रयोगातील निरीक्षण मुलांच्या स्वतःच्या शब्दांत, तीन इंग्रजी वाक्यांत, लिहून घेतले, तर तोच तास लेखनाचाही होतो.

नववी ते बारावीत काय वेगळे करायला हवे?

वर्णनाकडून युक्तिवादाकडे जायला हवे. एका बाजूची मते देऊन दुसरी बाजू मांडायला सांगणारा प्रश्न, उताऱ्याचा सारांश, आणि बारावीतील आवाहन, मुलाखत, चित्रपट-परीक्षण, ब्लॉग, सूत्रसंचालन यांसारखे प्रकार हे शिकवण्यासाठी उत्तम आहेत. ते केवळ गुणांचे प्रश्न म्हणून उरकू नयेत. प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्याला एक कारण आणि एक ठोस उदाहरण असावे. ‘मोबाइलमुळे नुकसान होते’ एवढे लिहून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला ‘कोणाचे, कोणते, तुला कसे कळले’ हे तीन प्रश्न विचारावेत.

या वयातील सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. नीट, जेईई, एमएचटी-सीईटी, सीयूईटी या सर्व प्रवेश परीक्षा मुख्यतः वस्तुनिष्ठ असल्यामुळे अकरावी-बारावीची दोन वर्षे मुले गोल रंगवतात किंवा पर्याय निवडतात आणि सलग लिहिणे जवळजवळ थांबते. पुढे महाविद्यालयात पहिल्याच सत्रात तीन-तीन पानी उत्तरे, प्रकल्प-अहवाल आणि प्राध्यापकांना ई-मेल लिहावे लागतात. क्लासमधून थकून आलेल्या मुलालाही आठवड्यातून एकदा दीडशे शब्द लिहिणे शक्य असते, आणि तेवढे सोडू नये.

महाविद्यालयासाठी तयार आहे, असे कधी म्हणावे?

चार-पाच पानांचा अपरिचित इंग्रजी मजकूर वाचून त्याचा सार स्वतःच्या शब्दांत एका परिच्छेदात लिहिता येणे, लेखकाचे मत आणि स्वतःचे मत वेगळे ठेवता येणे, दुसऱ्याचे वाक्य घेतले तर तसे नमूद करणे, आणि स्वतःचा मसुदा परत वाचून त्यातील निदान निम्म्या चुका स्वतः पकडता येणे, या गोष्टी विद्यार्थ्याला जमल्या तर तो तयार आहे. शब्दसंपत्ती भारदस्त असण्याची गरज नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेच्या लेखन-चाचणीत ६० मिनिटांत दोन कामे असतात, किमान १५० आणि किमान २५० शब्दांची, आणि दुसऱ्या कामाच्या गुणांना दुप्पट भार असतो. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये स्वीकारतात त्या ‘कॉमन ॲप’ अर्जातील व्यक्तिगत निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. देशातही केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ३०० गुणांचा अनिवार्य इंग्रजी पेपर असतो. त्यात २५ टक्के गुण मिळवल्याशिवाय बाकीचे पेपर विचारात घेतले जात नाहीत. यांपैकी एकाही ठिकाणी पाठ केलेला निबंध कामास येत नाही.

मोबाइलवरील भाषांतर आणि मजकूर लिहून देणारी साधने वापरू द्यावीत का?

मसुदा स्वतः लिहून झाल्यावर वापरू द्यावीत. साधनाने केलेल्या बदलांपैकी तीन बदल निवडून ते का झाले हे मुलाने मराठीत सांगावे. सांगता आले तर ते शिकले. कोरा कागद समोर असताना साधन उघडले, तर विचारही त्याचेच उमटतात. पाचवीपर्यंत कागद आणि पेन्सिल यांवरच भर असावा.

आम्हा पालकांना इंग्रजी येत नाही. आम्ही काय करू शकतो?

बरेच काही. मुलाने लिहिलेले त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि मग मराठीत अर्थ विचारा. अर्थ सांगताना ते अडले, तर ते वाक्य बहुधा उतरवलेले आहे असे समजावे. शेतात, दुकानात, कारखान्यात तुम्ही करता त्या कामाची माहिती मुलाला द्या आणि त्यावर लिहायला सांगा. ठिबकची नळी कशी अंथरतात, पैठणीचा काठ कसा विणतात, हे इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलाला सांगण्यासारखे काहीतरी असते, आणि ते तुमच्याकडूनच मिळते. वह्या जपून ठेवा. जूनची आणि मार्चची पाने शेजारी ठेवून मुलाला दाखवा.

मुलगा अकरावीत आहे आणि एक वाक्यही धड लिहिता येत नाही. उशीर झाला का?

उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. या वयात मुलाला विचार करता येतो, मराठीत मते मांडता येतात. कमी पडते ते फक्त इंग्रजी वाक्य, आणि ते लहान मुलापेक्षा तो जास्त वेगाने शिकू शकतो. पहिले दोन महिने रोज पाच साधी वाक्ये, फक्त त्या दिवशी घडलेल्या गोष्टींवर. पुढचे दोन महिने तीच वाक्ये ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘व्हाइल’, ‘विच’ यांनी जोडणे. त्यानंतर आठवड्याला एक परिच्छेद, आणि तो दोनदा लिहिणे. सहाव्या-सातव्या महिन्यापासून वर्तमानपत्रातील एका छोट्या बातमीचा तीन वाक्यांत सार आणि स्वतःचे मत दोन वाक्यांत. तपासणारा माणूस एकच असावा आणि त्याने वर्षभर तीच वही पाहावी. शिकवणी बदलत राहिली, तर प्रत्येक जण पुन्हा नाम आणि सर्वनामापासून सुरुवात करतो.